सोळा लेयरचं आकाश

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीची पंधरा-वीस मुलं आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये थांबतात आणि आम्ही अवकाश तयार करतो. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात खोलीत आठ संगणक आहेत, त्यातले सहा चालतात आणि एका संगणकापुढे तीन-तीन मुलं बसतात. एकाच्या हातात माउस, बाकीच्या दोघांच्या हातात सूचना.

मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही आणि चित्रकला तर मुळीच नाही. तरी हे काम माझ्याकडे आलं, कारण बी.एड. करताना खर्च भागवायला मी एका प्रेसमध्ये लग्नाच्या पत्रिका टाइप करायचे. इनपेजमध्ये उर्दू, श्रीलिपीत मराठी. नवरदेवाच्या नावामागे सोनेरी झळाळी टाकायची, ही गिऱ्हाइकाची हमखास मागणी. अक्षर कसं चमकवायचं ते मी तिथे शिकले. पुढे शाळेत संगणकाचे शिक्षक नव्हते तेव्हा बड्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला येतं ना थोडंफार?" येत होतं थोडंफार.

आम्ही जिंप वापरतो. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस यांनी, ते कॉलेजात असताना लिहायला घेतलं आणि १९९६ साली लोकांसमोर आणलं. ते मोफत आहे आणि जुन्या मशिनवरही चालतं, म्हणून आमचं आहे. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण "फोटोशॉप नसेल तर काय होणार" असं म्हणून आधीच हात टेकणारी मुलं असतात. शिवाय आमच्या गावाला कमी सामानात मोठं काम करायची सवय आहे. नासिर शेख यांनी इथेच, गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या एका सडपातळ माणसाला सुपरमॅन करून हिरव्या कापडासमोर उडवला. हिरवा रंग काढून टाकायचा आणि तिथे आकाश ठेवायचं. मुलांना हे माहीत असतं. काहींच्या घरच्यांनी ते शूटिंग प्रत्यक्ष पाहिलेलं असतं.

आता आमचं आकाश कसं तयार होतं ते सांगते. कुणाला घरी करून पाहायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी पूर्ण काळा लेयर. लेयर म्हणजे काय हे समजवायला मी प्लास्टिकचे पारदर्शक कागद आणते. एकावर तारा, एकावर ढग, एकावर ग्रह. एकावर एक ठेवले की चित्र होतं, मधला काढून घेतला तर बाकीचं जागेवर राहतं. मग दुसरा काळा लेयर घेऊन त्यावर 'नॉइज' टाकायचा. सगळीकडे बारीक खडी पडल्यासारखी दिसते. ते तारे नव्हेत, ती नुसती कचकच. 'लेव्हल्स'मध्ये जाऊन फिकट ठिपके काळ्यात बुडवले की फक्त सगळ्यात उजळ ठिपके उरतात आणि अचानक रात्र होते. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा खोलीत एक आवाज येतो. दर वर्षी येतो.

त्यानंतर ढग. जिंपमध्ये 'सॉलिड नॉइज' नावाचं फिल्टर आहे, दाबलं की धुराचे लोट तयार होतात. यामागे एका माणसाचा कंटाळा आहे. केन पर्लिन यांनी १९८२ सालच्या 'ट्रॉन' या चित्रपटासाठी संगणकावर काम केलं होतं आणि तिथली चित्रं फार गुळगुळीत, यंत्रातून काढल्यासारखी दिसतात याचा त्यांना वैताग आला. म्हणून त्यांनी गणितातून खडबडीतपणा तयार करायची रीत शोधली. त्यासाठी १९९७ साली त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. रीत मुलांना समजते. एक मोठी, संथ लाट घ्यायची. तिच्यात तिच्या निम्म्या आकाराची, निम्म्या जोराची लाट मिसळायची. मग त्याच्या निम्मी, मग त्याच्या निम्मी. मोठ्या लाटेतून ढगाचा आकार येतो, बारीक लाटांतून त्याच्या कडांची झालर. खऱ्या ढगातही मोठ्या भोवऱ्यात लहान भोवरे असतात, म्हणून डोळ्याला हे पटतं.

आणि शेवटी झळाळी, जिच्यासाठी सगळी थांबलेली असतात. स्क्रीनवर पांढऱ्यापेक्षा जास्त पांढरं काही नसतं. लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ झाले की संपलं, पुढे जागा नाही. मग तारा डोळे दिपवतोय असं दाखवायचं कसं? रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा आठवा. दिव्याभोवती वलय दिसतं, कारण तो प्रकाश आपल्याच डोळ्यात थोडा पसरतो. मेंदूला हा हिशोब पाठ आहे: वलय आहे म्हणजे दिवा प्रखर आहे. आपण फक्त वलय काढायचं, प्रखरपणा मेंदू स्वतः भरतो. त्यासाठी ताऱ्याच्या लेयरच्या तीन प्रती करायच्या. एकीला थोडा 'गॉशियन ब्लर', पाचेक पिक्सेलचा. दुसरीला वीसचा. तिसरीला ऐंशीचा. तिन्हींचा मोड 'स्क्रीन' करायचा. आमच्या मशिनवर ऐंशीचा ब्लर लागेपर्यंत एखादा शेर म्हणून होतो, तेवढा मी म्हणूनही घेते.

'स्क्रीन' म्हणजे काय, हे एकदा आमच्या गणिताच्या सरांनी वर्गात येऊन फळ्यावर मांडलं. दोन लेयर अर्धे-अर्धे उजळ असतील तर सरळ बेरीज करून पूर्ण पांढरं होत नाही. प्रत्येकात अंधार किती उरला ते पाहायचं. अर्धा आणि अर्धा. त्यांचा गुणाकार पाव. म्हणजे अंधार पाव उरला, उजेड पाऊण झाला. कितीही लेयर टाका, उजेड वाढत जातो पण एकदम ओतू जात नाही. "अंधार का गुणाकार करना है, उजाले का नहीं," असं एका मुलाने अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या उर्दूत वहीत लिहून घेतलं. ते वाक्य मी माझ्या वहीतही उतरवून ठेवलं आहे.

पहिला महिना 'सुपरनोव्हा' हे तयार फिल्टर वापरायला बंदी आहे. एक बटण दाबलं की झगमगता तारा तयार मिळतो आणि मग मुलं बाकी काही शिकत नाहीत. दुसरा नियम असा की ग्रह काढण्याआधी सूर्य कुठे आहे ते सांगायचं. नाहीतर एकाच चित्रात तीन ग्रहांच्या सावल्या तीन दिशांना पडतात. यावरून ईदच्या कार्डांची गंमत निघते. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या आत तारा असतो, ते चिन्ह म्हणून ठीक. पण आकाशाचं चित्र काढायचं असेल तर तारा तिथे दिसू शकत नाही, कारण चंद्राचा उरलेला गोळा तिथेच असतो, फक्त अंधारात. एका मुलीने यावर फार विचार केला आणि पुढच्या आठवड्यात तारा कोरीच्या बाहेर ठेवलेलं कार्ड करून आणलं. दिसायला ते जास्त सुंदर होतं.

पण दर वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न येतोच. "टीचर, असली में भी ऐसेच रंग रहते क्या?"

या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून सोडून देता येत नाही. मी मुलांना हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघातले खांब दाखवते. धूळ आणि वायूचे उंच स्तंभ, मागे हिरवट-निळा उजेड. जगभर गाजलेलं चित्र. हबलचा कॅमेरा रंगीत फोटो काढत नाही. तो वेगवेगळ्या फिल्टरमधून कृष्णधवल फोटो काढतो. एका फिल्टरमधून फक्त गंधकाचा प्रकाश, दुसऱ्यातून हायड्रोजनचा, तिसऱ्यातून ऑक्सिजनचा. या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. खरं पाहता हायड्रोजनचा तो प्रकाश लाल असतो आणि गंधकाचाही लालच. दोन्ही लाल ठेवले असते तर कोणता वायू कुठे आहे हे कळलंच नसतं. म्हणून रंग वाटून दिले आणि कशाला कोणता दिला ते सांगून दिले. नकाशात एक जिल्हा पिवळा आणि शेजारचा गुलाबी असतो, तसंच. नाशिक जिल्ह्याची माती गुलाबी नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी नकाशा खोटा ठरत नाही.

मग पुढचा प्रश्न: आपण तिथे गेलो तर काय दिसेल? बहुधा राखाडी. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. मृग नक्षत्रातला तेजोमेघ लहान दुर्बिणीतून पाहिला तर धुरकट डाग दिसतो, गुलाबी फूल दिसत नाही. कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवू शकतो, आपला डोळा तसा साठवत नाही.

ताऱ्यांचे काटेसुद्धा असेच. हबलच्या चित्रात प्रखर ताऱ्याला चार काटे असतात, जेम्स वेबच्या चित्रात सहा मोठे आणि दोन लहान. ते ताऱ्याला नसतात. दुर्बिणीतले आधाराचे दांडे आणि आरशांच्या कडा यांच्यामुळे ते येतात. म्हणजे काटे मोजून चित्र कोणत्या दुर्बिणीचं आहे ते ओळखता येतं. मुलांना हा खेळ फार आवडतो. माझ्या मते भाषेतही असंच असतं. माणूस बोलू लागला की कोणत्या गावाचे दांडे आडवे आलेत ते ऐकू येतं.

मी भाषेची शिक्षिका, म्हणून ताऱ्यांना नावं देताना माझा तास सुरू होतो. मराठीत आपण रोहिणी म्हणतो, त्या ताऱ्याला इंग्रजी पुस्तकात अल्देबरान म्हणतात आणि तो शब्द अरबी आहे. अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा. कुणाच्या मागून? कृत्तिकेच्या. रोज रात्री कृत्तिका आधी उगवते आणि रोहिणी तिच्यामागे. कृत्तिकेला आपल्याकडे उर्दूत सुरैया म्हणतात आणि आमच्या शाळेत दर दोन-तीन वर्गांत एखादी सुरैया असतेच. तिला आपण आकाशात कुठे आहोत हे कळतं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. श्रवण म्हणजे अल्टेअर, उडणारं गिधाड किंवा गरुड. हंस म्हणजे डेनेब, शेपूट. आणि आकाशगंगेला उर्दूत कहकशाँ. हा फारसी शब्द. काह म्हणजे वाळलेलं गवत, भुसा, आणि कशाँ म्हणजे ओढत नेणारा. भुसा ओढून नेताना वाटेवर सांडत गेला, तसा तो पट्टा. मराठीत तीच गोष्ट नदी आहे.

दहाव्या शतकात अब्द अल-रहमान अल-सूफी यांनी ताऱ्यांचं एक पुस्तक लिहिलं, साधारण ९६४ साली. त्यात देवयानी तारकासमूहातल्या ढगासारख्या धूसर ठिपक्याची नोंद आहे. ती आपल्या शेजारची दीर्घिका, हे कळायला पुढे साडेनऊशे वर्षांहून जास्त काळ गेला. त्या पुस्तकात प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं आहेत. एक जमिनीवरून वर पाहिलं तर दिसणारं. दुसरं आकाशाच्या गोलावर, म्हणजे बाहेरून पाहिल्यासारखं, आरशात उलटं झालेलं. कोणतं चित्र कुठून पाहिलेलं आहे, ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं. मुलं जिंपमध्ये लेयर 'फ्लिप' करतात तेव्हा मी त्यांना हे सांगते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

मागच्या वर्षी हिवाळ्यात नववीतल्या एका मुलीने एक चित्र केलं. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा हळू काम करणारी मुलगी. खाली गर्द निळा ढग, वर काळोख आणि मधे ढग फाटून बाहेर येणारा सोनेरी-पांढरा उजेड. पाच शनिवार लागले. तिने ते भावाच्या फोनवर स्टेटसला ठेवलं. चार दिवसांनी ते चित्र मोहल्ल्याच्या ग्रुपवर परत आलं, पण आता त्याखाली मजकूर होता: नासाने पहिल्यांदाच आसमानातला नूर टिपला, दहा जणांना पाठवा, खुशखबर मिळेल.

असे मेसेज नवे नाहीत. दर दिवाळीत अंतराळातून दिसणाऱ्या भारताचा एक रंगीबेरंगी फोटो फिरतो. तो दिवाळीचा नाहीच. चित्र अमेरिकेच्या नोआ या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने २००३ साली अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून बनवलं. वर्षागणिक वाढत गेलेले रात्रीचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवलेत. २०२२ साली एटिएन क्लेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने सॉसेजच्या एका चकतीचा फोटो 'वेब दुर्बिणीने टिपलेला तारा' म्हणून थट्टेने टाकला आणि हजारो लोकांना तो खरा वाटला. मी हे सगळं वर्गात शिकवत होतेच. पण चित्र नासाचं नसून आपल्या चौथ्या नंबरच्या मशिनमधलं असतं, तेव्हा गोष्ट वेगळी होते.

सोमवारी ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. रडत नव्हती, पण ओढणीचं टोक सारखं पिळत होती. तिच्या दादांनी, म्हणजे अब्बूंच्या वडिलांनी, तो मेसेज पाहिला होता. ते रडले होते. शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता. आता ते आपणच केलं हे सांगायचं, म्हणजे दादांना चार लोकांत लाजवायचं. नाही सांगायचं, तर रोज घरात स्वतःचं खोटं बघायचं. वरून आणखी एक गोष्ट होती. नववीनंतर शाळा पुरे, घरी बसून मोती-टिकलीचं काम शिकू दे, अशी चर्चा घरात चालू होती. शनिवारचा वर्ग अब्बूंना आधीच पसंत नव्हता. शाळेत नकली फोटो करायला शिकवतात, एवढं वाक्य कुणी त्यांच्या कानावर घातलं असतं, तर वर्ग आणि शाळा दोन्ही गेले असते.

मी तिला सांग म्हणाले नाही आणि गप्प राहा असंही म्हणाले नाही. घर तिचं होतं, किंमत तिला मोजायची होती. मी एवढंच म्हणाले की तुझी मूळ फाइल इथे आहे, ती कुणी पुसणार नाही. आणि मजकूर तू लिहिलेला नाहीस. चित्र करणं आणि त्याखाली खोटं लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या माणसांनी केलेली.

आठवडाभर ती काही बोलली नाही. पुढच्या शुक्रवारी जाता जाता म्हणाली, "टीचर, कल अब्बू और दादा को लेके आऊँ?"

शनिवारी दोघे आले. दादा खुर्चीवर बसले, अब्बू उभेच राहिले. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. मुलीने फाइल उघडली. जिंपची मूळ फाइल 'एक्ससीएफ' प्रकारात जतन होते आणि तिच्यात सगळे लेयर सुटे राहतात. जेपीजी केलं की ते एकमेकांत मिसळून जातात, पुन्हा वेगळे करता येत नाहीत. फोनवर फिरत होता तो जेपीजी. इथे सोळा लेयर होते आणि प्रत्येकापुढे डोळ्याचं लहान चिन्ह. त्यावर क्लिक केलं की तो लेयर दिसेनासा होतो.

तिने वरून सुरुवात केली. आधी ऐंशीचा ब्लर गेला, उजेड आखडला. मग वीसचा. मग पाचचा. आता मधे नुसता एक पांढरा डाग उरला. मग सोनेरी रंग, मग ढगाची बारीक झालर, मग मोठा ढग. मग ताऱ्यांचे तीन लेयर, एकेक. शेवटी काळा पडदा. खोलीत कुणी बोलत नव्हतं. मग तिने खालून वर एकेक डोळा परत उघडला आणि चित्र पहिल्यासारखं झालं.

अब्बू पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी बोट ठेवलं. "ये इधर का टुकड़ा उधर रिपीट हुआ है. उल्टा करके."

मी पाच शनिवार ते चित्र पाहत होते, मला ते दिसलं नव्हतं. डाव्या कोपऱ्यातले तारे आणि उजव्या कोपऱ्यातले तारे खरंच तेच होते. तिने लेयरची प्रत करून उलटी ठेवली होती. रंगीत साड्यांच्या मागावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला डिझाइन कुठे परत येतं हे शोधावं लागत नाही. मुलगी हसली. "हाँ अब्बू, टाइम नहीं था." त्यांनी विचारलं, मग आता बदलता येईल का? ती म्हणाली येईल, बाकी सगळं तसंच ठेवून तेवढंच बदलता येईल. त्यांनी मान हलवली. त्यांच्या कामात विणून झालेलं असं सुटत नाही.

दादा मात्र गप्प होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटलंय. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "और असली?" मी त्यांना हबलचे खांब दाखवले, रंग कसे दिले ते सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, लहानपणी गावी, उत्तर प्रदेशात, ते छतावर झोपायचे. कहकशाँ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायची. इथे मालेगावात आले, मागावर लागले, त्यानंतर कधी वर बघायला झालं नाही आणि बघितलं तरी काही दिसत नाही. "हमको वो याद आया था," ते म्हणाले. "नीचे क्या लिखा है, वो तो लड़के ने पढ़ के सुनाया."

त्यांच्या रडण्याचं कारण मजकुरात शोधणारी मी एकटीच नव्हते, त्यांच्या घरातलेही तेच समजत होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर आपल्या आवाजात संदेश टाकला: हे चित्र नासाचं नाही, माझ्या नातीने शाळेत बनवलंय. काहींनी मुबारकबाद दिली. एकाने लिहिलं, बच्ची झूठ बोल रही है, इतना अच्छा बच्चे नहीं बना सकते. तिने तो मेसेज जपून ठेवलाय. तिच्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी दाद आहे.

दुरुस्ती खोट्या मजकुराइतकी लांब गेली नाही. ती जातही नाही. पण त्यानंतर वर्गात एक नियम आला. जुन्या उर्दू पुस्तकांत शेवटच्या पानावर किंवा कोपऱ्यात कातिबाचं नाव असायचं, म्हणजे ज्याने ते हाताने लिहिलं त्याचं. तसं प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात आता लिहायचं: बनवणाऱ्याचं नाव, इयत्ता आणि 'जिंपमध्ये बनवलेलं चित्र'. ते नाव ढगाच्या आत, उजेडाला लागून लिहायचं, म्हणजे कापून टाकलं तर चित्रही तुटावं. ही कल्पना मुलांचीच.

ती मुलगी आता दहावीत आहे. वर्ग सुटला नाही, शाळाही नाही. अकरावीचं अजून ठरलेलं नाही. अब्बू म्हणतात बघू. दादा म्हणतात बघायचं काय त्यात. गेल्या महिन्यात आमच्या शिक्षकांच्या एका ग्रुपवर ते चित्र पुन्हा आलं, कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातून फिरून, नव्या मजकुरासह. कोपऱ्यातले तारे अजून रिपीट होत होते, म्हणजे जुनीच प्रत. मी खाली लिहिलं: हे आमच्या शाळेतल्या मुलीचं आहे, सोळा लेयर आहेत, शनिवारी आलात तर ती एकेक बंद करून दाखवेल.